हिप्पूजीराव पंगतीस आले त्याची हकीकत

श्री. कुलस्वामिनीस नमन करून, गजाननास मोदकांचा कौल देऊन, आणि महाराज गाढ निजले आहेत याची दाराच्या फटीतून पुन्हा एकवार खातरजमा करून हकीकत लिहिली ऐसीजे: शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, शुक्ल पक्ष, तिथी थोरल्या मातुश्रींस ठाऊक, वार रविवार, ते दिवशी दुसऱ्या मजल्यावरील राज्यातून खासा स्वारी रंगपेठेच्या मोहिमेस निघाली, आणि तेथे जे घडले ते घडले तैसे येथे नमूद केले आहे. राज्यास नाव नाही. दारावर पाटी होती ती पावसाळ्यात पडली, ती लावू लावू म्हणता राहिली. राज्य म्हणजे तीन खोल्या आणि एक सज्जा, आणि सज्ज्यात तुळस व महाराजांची तिचाकी. गादीवर श्रीमंत निहारराजे, वय चार, अंगे सडपातळ, स्वभावे करारी, पायात मोजा बहुतकरून एकच. त्यांचे तीर्थरूप श्रीरंगपंत, हे सरलष्कर आणि सारथी. थोरल्या मातुश्री कुमुदिनीबाई, म्हणजे पंतांच्या आई आणि महाराजांची आजी, यांचेकडे मुदपाकखाना व धर्मखाते. आणि महाराजांच्या आईसाहेब केतकीबाई, यांचेकडे उरलेले सर्व.

ते समयी राज्यावर प्रसंग ऐसा ओढवला होता की आईसाहेबांस त्यांच्या जुन्या कचेरीतून सोमवारपासून रुजू होण्याची सनद आली होती. महाराज जन्मल्यापासून आईसाहेब त्यांच्या नजरेआड भाजी आणण्यापलीकडे गेल्या नव्हत्या, आणि भाजीसही महाराज बहुधा बरोबर असत आणि कोथिंबिरीची जुडी तेच निवडीत. आता दिवसभर गड सोडावयाचा, ही वार्ता महाराजांचे कानी घातली तेव्हा महाराज रडले नाहीत, चौकशी करू लागले. रोज निजताना अंथरुणात दरबार भरे, आणि महाराज आईसाहेबांच्या ओढणीचे टोक मुठीत धरून विचारीत, "तू परत येशील ना?" "येईन." "कधी?" "दिवे लागायच्या आत." "कुठले दिवे?" "खालचे, रस्त्यावरचे." "नक्की?" "नक्की. शब्द दिला." मग महाराज छताकडे पाहात म्हणत, "बघू." या 'बघू'ने आईसाहेबांची झोप उडाली. मग मसलत झाली आणि ठरले की रुजू होण्यापूर्वी रविवारी महाराजांस घेऊन घाटापलीकडच्या रंगपेठेस जावे, मन रमवावे, म्हणजे सोमवार हलका होईल.

रंगपेठ म्हणजे काय, तर डोंगराच्या पायथ्याशी एक मोठी करमणुकीची नगरी आहे, तिच्या आत पाळणे आणि घसरगाड्यांचा किल्ला, आणि किल्ल्याबाहेर तळ्याकाठी दुकाने, खाणावळी आणि तमाशे यांची पेठ. किल्ल्यास तिकीट, पेठेस मज्जाव नाही. आणि या सर्व मुलखाचा धनी हिप्पू नामे एक जांभळा पाणघोडा. महाराजांच्या पाण्याच्या बाटलीवर हिप्पू, उशीच्या अभ्र्यावर हिप्पू, चड्डीवरही होता पण धुऊन धुऊन गेला. महाराज त्यास आप्त मानीत.

येथे थोरल्या मातुश्रींची एक रीत सांगणे प्राप्त आहे, कारण पुढील सर्व प्रसंग तिच्यापासून उद्भवला. मातुश्रींच्या दारातून कोणीही परत फिरो, त्यास त्या निरोप देताना म्हणत, "या हं एकदा जेवायला." गॅसवाल्यास म्हणत, कुरियरवाल्यास म्हणत, मीटर पाहावयास येणाऱ्या बाईंस म्हणत. चुकून दुसऱ्या इमारतीचा पत्ता विचारणारासही त्यांनी एकदा म्हटले. तेही "हो हो, येऊ की," म्हणून जिना उतरत. आजतागायत कोणी आला नव्हता, आणि कोणी येईल ऐसे मातुश्रींच्या मनातही नव्हते. हे बोलणे निरोपाचे, यात कोणाचे काही बिघडत नसे.

मग रविवारी दुपारी डबा भरून कूच केले. घाटात तिसरे वळण घेता महाराजांनी निघताना प्यालेले दूध पंतांच्या नव्या सीटकव्हरवर परत केले, आणि मग महाराजांस बरे वाटले आणि पंतांस वाटले नाही. रंगपेठेच्या तोंडाशी एक लाकडी जिराफ उभा, त्याच्या मानेवर रेघ, त्या रेघेस डोके लागले तर किल्ल्यातल्या मोठ्या पाळण्यांचा अधिकार. महाराज टाचा उंचावून उभे राहिले, केस उभे केले, तरी रेघ वरच राहिली. तेव्हा महाराज म्हणाले, "जिराफच चुकीचा आहे," आणि किल्ल्याकडे पाठ करून पेठेकडे वळले. पंतांचा जीव हलका झाला, कारण त्यांस त्या पाळण्यांची धास्ती होती आणि ती त्यांनी कोणास सांगितली नव्हती.

पेठेच्या चौकीवर थैल्यांची झडती होत होती. चौकीदाराने मातुश्रींची थैली उघडविली आणि विचारले, "आजी, डब्यात काय?" "तिखटमिठाच्या पुऱ्या. बटाट्याची भाजी. दहीभात आहे थोडा." "बाहेरचं खाणं चालत नाही आत." मातुश्री चकित होऊन म्हणाल्या, "बाहेरचं कुठे? घरचं आहे." चौकीदार हसो लागला आणि म्हणाला, "लहान मुलाचं असेल तर चालतं, आजी. मुलाचंच आहे ना?" "अहो, सगळं त्याचंच. आम्ही नुसते बसणार." तेव्हा चौकीदाराने त्या डब्याकडे पाहिले, मग महाराजांच्या सडपातळ देहाकडे पाहिले, आणि वाट सोडली. आणि मातुश्री पुढे होता होता वळून त्यास म्हणाल्या, "या हं एकदा जेवायला."

मग पेठेत प्रवेश जाहला. तेथील थाट काय वर्णावा! दिव्याच्या खांबांतून गाणी वाजतात आणि गाणारे कोठे दिसत नाहीत. दुकानात टोप्या, छत्र्या, कपबश्या, आणि सर्वांवर हिप्पू हसतो आहे. एका दुकानात साखरेचा गुलाबी कापूस माणसाएवढा, एका ठिकाणी माणूस काठ्यांवर उभा राहून फुगे वाटतो. तळ्यात कारंजी गाण्याबरोबर वरखाली होतात. मातुश्रींनी एका वडास हात लावून पाहिला तो तो वड नव्हता, पारंब्याही प्लॅस्टिकच्या. त्या म्हणाल्या, "बरं आहे बाई, पाणी घालायची कटकट नाही." पंत कॉफीच्या रांगेत उभे राहिले, आणि कॉफीच्या एवढ्या जाती ऐकून भांबावले, आणि शेवटी "साधी" म्हणाले, आणि रांगेतील सर्वांनी वळून पाहिले. आईसाहेब मात्र सर्व पाहत होत्या आणि काही पाहत नव्हत्या. त्यांची ओढणी महाराजांच्या मुठीत होती, आणि कापूस आला, फुगा आला, तरी ती मूठ सुटली नाही.

ऐसे चालता कारंज्यापाशी एकच गलका झाला, आणि गर्दी दुभंगून साक्षात हिप्पूजीराव प्रकटले. उंची दाराएवढी, पोट पिंपाएवढे, रंग जांभळा, हातांस बोटे चार. त्यांचा हात धरून एक तरुण बाई चालत होत्या, नाव तेजल, छातीवर बिल्ला, कानाशी वॉकीटॉकी. तेथील नेम ऐसा की हिप्पूने बोलावयाचे नाही, मस्तक उतरावयाचे नाही, आणि कोणी काही म्हटले तर आनंदाने मान हलवावयाची. महाराज प्रथम आईसाहेबांच्या पाठीशी गेले, मग ओढणीआडून एक डोळा काढला, मग दुसरा, मग पुढे होऊन हिप्पूच्या पोटास बोट लावले आणि म्हणाले, "मऊ आहे." हिप्पूने महाराजांचे मस्तकावर हात ठेविला. राज्यात ऐसा सोहळा पूर्वी झाला नव्हता. पंत चित्रे काढीत होते, त्यांतील बहुतेकांत त्यांचा अंगठा आला आहे. मग तेजलबाई म्हणाल्या, "चला, हिप्पूला आता आत जायचंय हं," आणि ते वळले, आणि थोरल्या मातुश्रींच्या तोंडून सवयीने निघाले, "या हं जेवायला."

हिप्पूने आनंदाने मान हलविली. महाराज थबकले. विचारते झाले, "आजी, कधी?" मातुश्री म्हणाल्या, "हे काय, आता. आम्ही त्या पायऱ्यांवर बसतोय ना." हिप्पूने पुन्हा मान हलविली, वर पोटावरून हात फिरविला, आणि रंगीत दाराआड गेले.

मग तळ्याकाठच्या पायऱ्यांवर बैठक मांडली. आईसाहेबांनी डबा उघडला तो महाराजांनी हात आडवा धरिला आणि म्हणाले, "थांबा. पाव्हणे यायचेत." मग डब्याचे झाकण उताणे करून शेजारी मांडिले, त्यात आपल्या हाताने एक पुरी ठेविली, भाजीचा लहानसा ढीग केला, आणि जागा पुसली. सर्वांस वाटले, मौज आहे. मग वेळ गेला, ऊन तळ्यापलीकडे उतरले. पुऱ्या निवल्या. दोन कावळे येऊन पाहून गेले, ते मात्र खरे होते. पंतांस भूक सोसवेना, तेव्हा ते म्हणाले, "निहार, आपण सुरू करू या. तो नाही येणार, बाळा." "येणार. तो हो म्हणाला." "अरे, तो हो म्हणतोच. आणि आजीही म्हणते. तशी पद्धत असते म्हणायची." "म्हणजे खोटं?" "खोटं नाही रे. नुसतं म्हणायचं. छान वाटतं ना समोरच्याला." महाराजांनी आजीकडे पाहिले. मातुश्रींनी पुरीचा पापुद्रा काढावयास घेतला आणि वर पाहिले नाही.

तेव्हा महाराजांनी आईसाहेबांकडे तोंड केले आणि शांतपणे विचारले, "दिवे लागायच्या आत येईन म्हणालीस. ते पण नुसतं म्हणायचं?"

आणि त्याच क्षणी पेठेतील सर्व दिवे एकदम लागले. गर्दीने आनंदाने आरोळी दिली. आईसाहेबांच्या ध्यानात आले की आता प्रश्न पाणघोड्याचा राहिला नाही. आज हे झाकण रिकामे राहिले तर उद्या महाराज दारात उभे राहून आईचा शब्दही याच रिकाम्या झाकणात जमा धरतील. मातुश्री हळूच म्हणाल्या, "केतकी, माझंच तोंड गं. सवय पडली." आईसाहेब म्हणाल्या, "आई, तुमचं काही नाही चुकलं. तुम्ही बोलावलंत, मी घेऊन येते." आणि उठू गेल्या तो ओढणी ताणली, कारण टोक मुठीत होते. "तू जाऊ नको." "त्या रंगीत दारापर्यंत जाते, विचारते आणि परत येते." महाराजांनी दार पाहिले, अंतर पाहिले, झाकणातली पुरी पाहिली, आणि मग मूठ उघडली. मूठ उघडली हे आईसाहेबांस पाठ फिरवून चालू लागल्यावर उमगले, आणि पुढील वाट त्यांस नीट दिसली नाही.

रंगीत दारापाशी तेजलबाई वॉकीटॉकीवर बोलत होत्या. आईसाहेबांनी सर्व वृत्तांत निवेदन केला. तेजलबाई म्हणाल्या, "मॅडम, बर्थडे पॅकेज घेतलंय का तुम्ही? त्यात टेबलावर येतो हिप्पू." "वाढदिवस नाहीये. जेवायला बोलावलंय." "कोणी?" "माझ्या सासूबाईंनी. तुमच्यासमोरच." "अय्या, ते तर सगळेच म्हणतात. माझी आई पण म्हणते." "हो, पण तुमचा हिप्पू हो म्हणाला." तेजलबाई हसल्या. "तो सगळ्यालाच हो म्हणतो, मॅडम. नाही म्हणायची परवानगीच नाहीये त्याला." "आणि माझ्या मुलाला ते माहीत नाहीये." मग आईसाहेबांनी सोमवारची गोष्ट सांगितली, थोडक्यात सांगू म्हणता ती लांबली आणि रस्त्यावरच्या दिव्यांपर्यंत गेली. तेजलबाई म्हणाल्या, "त्याला खाता येत नाही पण. तोंड उघडत नाही त्याचं." "खाऊ नका. नुसते पंगतीला या." "आता फेरी निघेल. फेरीचा रस्ता ठरलेला असतो, तो पायऱ्यांकडे येत नाही. मला ओरडा पडेल." मग दाराच्या आतल्या अंगाने काही खुडबुड झाली आणि चार बोटांचा एक जांभळा हात फटीतून बाहेर येऊन तेजलबाईंच्या खांद्यावर दोनदा आपटला. त्या म्हणाल्या, "तू गप रे. बघते, मॅडम. शब्द नाही देत हं." "नकाच देऊ. आमच्याकडे सध्या शब्दांचाच घोळ झालाय."

मग आईसाहेब परत आल्या. महाराज त्या गेल्या तेव्हा जेथे होते तेथेच उभे होते, नजर दारावर. "येणार?" आईसाहेबांस वाटले, हो म्हणावे. जिभेवर आलेही. पण म्हणाल्या, "विचारलं. बघते म्हणाली. येतील की नाही, मला माहीत नाही, राजा." महाराजांनी विचार केला. मग म्हणाले, "पण तू आलीस." "मी आले." "येते म्हणालीस आणि आलीस." "हो." मग महाराज खाली बसले, आणि ओढणी धरली नाही, नुसते टेकून बसले.

इतक्यात ढोल झडले आणि फेरी निघाली. पुढे काठ्यांवरचा माणूस, मग दिव्यांचा मोर, मग हिप्पूजीराव नाचत, त्यांच्यामागे फुलपाखरे झालेल्या मुली, आणि शेवटी झांजवाले. फेरी तळ्याच्या पलीकडच्या रस्त्याने आली, आणि पायऱ्यांच्या समोरून पुढे चालली. महाराज उभे राहिले. हाक मारली नाही, हात हलविला नाही. झाकण दोन्ही हातांत घेऊन उभे राहिले, दिसावे म्हणून. हिप्पू पुढे गेले. पंतांनी मान खाली घातली. आणि मग हिप्पू थांबले. मागून फुलपाखरे येऊन त्यांच्या पाठीवर आदळली, फुलपाखरांवर झांजवाले आदळले, आणि हिप्पू रस्ता सोडून काठाकाठाने पायऱ्यांकडे चालू लागले, आणि तेजलबाई मागे धावत वॉकीटॉकीत सांगत होत्या, "दोन मिनिटं, सर, दोनच मिनिटं, पाहुणचार आहे!"

तेव्हाची धांदल सांगता पुरवत नाही. हिप्पूजीराव बसू गेले तो पोटामुळे वाकवेना, आणि मागे कलंडले ते पंतांनी एका अंगाने आणि चौकीवरच्या त्या चौकीदाराने धावत येऊन दुसऱ्या अंगाने सावरून कसेबसे पायरीवर टेकविले. महाराजांनी झाकण पुढे केले आणि म्हणाले, "घ्या. संकोच करू नका." हिप्पूने पुरीवरून हात फिरवून तो तोंडाशी नेला आणि पोट चोळले. "आणखी घ्या ना. दहीभात पण आहे." हिप्पूने दोन्ही हातांनी पोट गच्च भरल्याची खूण केली. महाराज म्हणाले, "एक तरी. आजीला वाईट वाटेल." हा आग्रह महाराजांस कोणी शिकविला नव्हता, पंगतीत बसून बसून आला होता. मातुश्रींनी डोळ्यांस पदर लावला. मग त्यांनी पुऱ्या कागदात बांधून ती पुडी हिप्पूच्या मुठीत दिली, कारण पाहुण्यास रित्या हाताने लावावयाचे नाही. मग चौकीदाराकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही हो? तुम्हालाही म्हटलं होतं मघाशी. बसा," आणि त्यास बसवून पुरीभाजी खाऊ घातली, बाहेरचे म्हणून त्याने तक्रार केली नाही.

मग निघण्याची वेळ झाली. सर्वांनी मिळून हिप्पूंस उभे केले. मातुश्रींच्या ओठांवर आले, "या हं—" आणि त्यांनी एकदम तोंडावर हात ठेविला. मग म्हणाल्या, "आलात, फार बरं वाटलं." महाराजांनी मात्र पुसले, "आमच्या घरी याल?" हिप्पूची मान हलू लागली, आणि अर्ध्यावर थांबली. ज्यास नाही म्हणावयाची परवानगी नाही त्याने पुडी काखेत धरून दोन्ही जांभळे हात जोडले. महाराजांनी ते पाहिले आणि समजून म्हणाले, "बरं. लांब आहे ना." आणि फेरी पुढे चालली, आणि सर्वांनी जेवण केले. निवलेल्या पुऱ्या इतक्या गोड कधी लागल्या नव्हत्या.

सोमवारी आईसाहेब कचेरीस गेल्या. महाराज दारात उभे राहिले, हात हलविला, मग सज्ज्यात जाऊन तिचाकीवर बसून रस्ता पाहू लागले. परतताना आईसाहेबांची रिक्षा चौकात अडकली, तेव्हा त्यांनी ती तेथेच सोडली आणि कचेरीच्या नव्या चपला हातात घेऊन पळत निघाल्या, आणि शेजारच्या नेनेकाकू भाजीच्या गाड्यापाशी म्हणाल्या, "अगं केतकी, काय झालं, आग लागली का?" "दिवे!" एवढेच बोलून त्या जिना चढल्या. दार उघडेच होते. उंबऱ्याच्या आत जमिनीवर पाट, पाटापुढे डब्याचे झाकण, झाकणात एक पुरी आणि भाजीचा लहानसा ढीग, आणि शेजारी महाराज, दोन्ही पायांत मोजे. महाराजांनी उठून सज्ज्यातून खाली वाकून रस्त्याच्या खांबाकडे पाहिले. खांब अजून काळा होता. मग परत येऊन पाटाकडे हात दाखवून म्हणाले, "या, बसा. संकोच करू नका." आईसाहेब बसल्या, आणि त्यांनी सगळे खाल्ले, आणि आणखी मागून घेतले.

तात्पर्य इतकेच की रंगपेठेची मोहीम फत्ते झाली. हाती लागले ते एक फुगा, अंगठ्याची पुष्कळ चित्रे, आणि राज्याचा शब्द. थोरल्या मातुश्री अजून सर्वांस जेवावयास बोलावतात, परंतु आता वार सांगतात. आणि गेल्या गुरुवारी गॅसवाला खरेच आला, पोळीभाजी जेवला, आणि चटणी चांगली झाली म्हणाला. संध्याकाळ होत आली, महाराज कूस बदलत आहेत, खाली खांब अजून काळा आहे. येथे लेखणी ठेविली.